घर एक, कागद एक

प्रिय मुंगे,

हे पत्र वकीलबाई तुझ्या हातात देतील. दर रविवारी मी तुझ्याकडे येते, तुझ्यासमोर बसते, तुझ्या लेकीच्या वेण्या घालते, आणि तरी जे सांगायचं ते कागदावर लिहून दुसरीच्या हाती पाठवतेय, याचं तुला हसू येईल. येऊ दे. समोर बसले की माझी नजर तुझ्या हनुवटीखालच्या टाक्यांवर जाते आणि मग मी भाजी महागल्याचं बोलत राहते. उद्या कोर्टात आई उभी राहणार आहे, तेही तुझ्या नवऱ्याच्या बाजूची साक्षीदार म्हणून. आठ महिने तू तिच्याशी एक शब्द बोललेली नाहीस. तिच्याबद्दल तू जे मनात धरून बसली आहेस ते खरं नाही, एवढंच मला सांगायचंय. पण ते सांगायला मला बरंच लांबून यावं लागेल. पत्र मध्येच भिरकावू नकोस. फाडायचं असेल तर शेवटी फाड.

काल केस पुसताना आरशात माझ्या डाव्या दंडावरचा तुझा चावा दिसला. तू चार वर्षांची होतीस आणि मी नऊ. तुझी लाल चप्पल मी कपाटावर लपवली होती. तू रडली नाहीस, आईला हाकही मारली नाहीस, सरळ येऊन माझ्या दंडाला लटकलीस. मी तुझे केस ओढले, गुद्दे घातले, तुला भिंतीवर आपटलं, तरी तू सोडेनास. शेवटी बाबांनी तुझं नाक चिमटीत धरलं तेव्हा श्वासासाठी तोंड उघडलंस. माझ्या फ्रॉकची बाही रक्ताने भिजली होती. आईने तुला दोन धपाटे घातले आणि मला चार, कारण चप्पल मी लपवली होती. त्या दिवसापासून तू मुंगी झालीस. त्या वणाचा मला पुढे अभिमानच वाटायला लागला. आपल्या धाकटीच्या वाटेला कोणी जाणार नाही, असं मी मैत्रिणींना बाही वर करून दाखवायचे.

आणि मग तू त्याच्याशी लग्न केलंस. लिफ्टचा मेकॅनिक, हसरा, कोणाचं काही अडलं की पाना घेऊन हजर. आई त्याला जावईबापू म्हणताना थकायची नाही. मी त्याला काहीच म्हणत नसे, पण त्याबद्दल माझी पाठ थोपटू नकोस, कारण मी बोलायला हवं तेव्हाही बोलले नाही. तुझी करंगळी मोडली तेव्हा तू म्हणालीस, दार वाऱ्याने लागलं. मी मान डोलावली. तुझ्या कानामागे काळंनिळं दिसलं तेव्हा कपाटाचा कोपरा होता, आणि पोटावर भाजलं तेव्हा दूध उतू गेलं होतं. दूध पोटावर उतू जात नाही हे मला कळत नव्हतं असं नाही. पण विचारलं की उत्तर येईल, आणि उत्तर आलं की काहीतरी करावं लागेल, म्हणून मी मूग गिळून बसले. ही माझी सवय तेव्हापासूनची आहे, ती पुढे उपयोगी पडली.

पहिल्यांदा तू पळालीस ती मैत्रिणीकडे. तेव्हा आईने त्याला पत्ता सांगितला, हे खरं आहे, ते ती कधी नाकारत नाही. तो आपल्या दारात येऊन दोन तास रडला, पायऱ्यांवर डोकं आपटून घेतलं, कपाळातून रक्त काढलं, आणि आई विरघळली. अर्ध्या तासात तो त्या मैत्रिणीच्या घरी पोचला. तुझी वेणी मनगटाला गुंडाळून त्याने तुला तीन मजले खाली ओढत नेलं. प्रत्येक पायरीवर तुझे गुडघे आपटत होते. मजल्यामजल्यावर दारं उघडली आणि बंद झाली. चार महिन्यांनी लेकीला काखेत घेऊन तू माझ्या दारात आलीस, चहासुद्धा घेण्याआधी माझ्या स्वयंपाकघरातली कात्री घेतलीस आणि वेणी मुळापासून कापून केराच्या डब्यात टाकलीस. त्याला धरायला काही ठेवायचं नाही, एवढंच म्हणालीस. त्या दिवशी मला त्याला ठार मारावंसं वाटलं. हे मी उगाच म्हणत नाही. कसं मारायचं, कुठे, कशाने, सगळं मी आठवडाभर मनात ठरवत होते, आणि ऑफिसात लोकांच्या जन्मदाखल्यांवर शिक्के मारत होते.

मग आपण ती तिसऱ्या मजल्यावरची खोली शोधली. जिन्याखाली इस्त्रीवाल्या काकूंचं टेबल, वर गच्ची, समोर शाळा. दाराला आतून दोन कड्या आणि एक आडणा मी स्वतः बसवून घेतला. पत्ता फक्त मला आणि तुला माहीत. आईला मी दोनदा घेऊन आले तेव्हा तू जरा घुटमळली होतीस, मीच म्हणाले, येऊ दे तिला, नात बघून जाईल. मला वाटत होतं, मी आता सगळ्या बाजूंनी बंदोबस्त केलाय.

आता माझ्या कामाचं सांगते. तुला ते नेहमी कंटाळवाणं वाटायचं, पण आज वाच. बावीस वर्षं मी नोंदणी कार्यालयात दाखले देतेय. जन्माचा, रहिवासाचा, कुटुंबाचा. छापील कागद, त्यावर सही, त्यावर शिक्का. गेल्या वर्षी हे सगळं मोबाइलवर न्यायचं ठरलं. माणसाच्या फोनमध्ये एक वॉलेट असतं, आम्ही आमच्या डिजिटल सहीने दाखला त्यात पाठवायचा, आणि त्याने तो बँकेत, शाळेत, दवाखान्यात दाखवायचा. समोरचा कोड स्कॅन करून सही खरी आहे का ते बघतो. साहेबांनी ही कामगिरी माझ्या गळ्यात घातली, कारण कार्यालयातला प्रत्येक कागद मला तोंडपाठ होता. मला तेव्हा आकाश ठेंगणं झालं होतं. तुला आठवतं, मी तुझ्या खोलीत बसून किती शेखी मिरवली होती? त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, हवं तेवढंच दाखवायचं. दुकानदाराला वय बघायचंय ना, मग त्याला वयच दिसेल, पत्ता झाकलेला राहील. तू म्हणालीस, हे बरं आहे. दुकानदारापासून तुझा पत्ता झाकायची सोय मी अगदी काळजीने केली होती.

कुटुंबाच्या दाखल्याचं मात्र आमच्याकडे जुनं दुखणं होतं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे त्याची एक प्रत असते. एकाने काही दुरुस्ती केली की त्याची प्रत नवी आणि बाकीच्यांच्या जुन्या. मग बँकेत नवऱ्याचा कागद बायकोच्या कागदाशी जुळत नाही आणि दोघं आमच्या दारात. एक म्हातारे गृहस्थ एका अक्षरासाठी अकरा वेळा आले होते, अकराव्यांदा खिडकीसमोरच मटकन खाली बसले. तेव्हा मी ठरवलं होतं, माझ्या हातात असतं तर हे मी संपवलं असतं. आता ते माझ्या हातात आलं. मी नियम लिहिला की घरातल्या कोणाचाही तपशील बदलला की त्या दाखल्याच्या सगळ्या प्रती आपोआप नव्याने काढायच्या आणि सगळ्यांच्या वॉलेटमध्ये पाठवायच्या. कोणी अर्ज करायला नको, कोणी यायला नको. मी त्याला घोषवाक्यसुद्धा केलं, ‘घर एक, कागद एक’. साहेबांनी त्याची पाटी करून दाराशी लावली.

कंपनीकडून आलेला इंजिनिअर निवृत्तीला टेकलेला, मितभाषी माणूस होता. नियम चालू करायच्या आधी त्याचा हात थांबला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, “सगळ्या म्हणजे सगळ्या प्रती का, मॅडम? घर मोडलेलं असलं तरी?” मी घाईत होते. पलीकडे साहेब पाहुण्यांना घेऊन उभे होते. घर मोडलं की कोर्टाचा हुकूम येतो, नोंद बदलते, मग माणूस त्या दाखल्यातून आपोआप गळतो, हे मला ठाऊक होतं. हुकूम यायच्या आधी घर कसं मोडतं हे तर मला त्याहून जास्त ठाऊक होतं, ते माझ्या केराच्या डब्यात पडलेलं मी पाहिलं होतं. पण त्या खुर्चीत बसले की मला फक्त ते अकरा वेळा आलेले म्हातारे दिसायचे. मी म्हणाले, “सगळ्या.” त्याने चष्मा खाली घेतला आणि बटण दाबलं.

पुढचं आता तुझ्या लक्षात यायला लागलं असेल. तरी वाच, मुंगे. माझ्याकडून सगळं एकदा सांगून होऊ दे.

शाळेने तुझ्या लेकीच्या प्रवेशासाठी राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला. तू नको म्हणत होतीस. आपण दुसरी शाळा बघू, पुढच्या वर्षी बघू, असं तू तीनदा म्हणालीस. मीच तुझ्यामागे लागले. अगं, मी बसलेय ना तिथे, माझ्याच हातातलं काम आहे, कोणाला काही कळणार नाही. शुक्रवारी पाऊण वाजता तू माझ्या टेबलापाशी आलीस. तुझा फोन मी हातात घेतला, नवा पत्ता मी भरला, मजला, खोली क्रमांक, सगळं. मंजुरी मीच दिली. बारा सत्तेचाळीसला तुझ्या वॉलेटमध्ये नवा दाखला आला आणि तू हसलीस. बऱ्याच दिवसांनी तुला दात दाखवून हसताना पाहिलं. आपण कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला आणि एक बिस्किटाचा पुडा संपवला.

मंगळवारी सकाळी साडेदहाला तो आला. कामाचे कपडे, खांद्यावर हत्यारांची पिशवी. वॉचमनच्या वहीत त्याने लिफ्ट दुरुस्ती असं लिहिलं आणि वॉचमनने त्याला पाणीसुद्धा विचारलं. त्याच्या मोठ्या पान्याने त्याने दार फोडलं. माझ्या दोन्ही कड्या चौकटीसकट निघाल्या, आणि आडणा तू लावलाच नव्हतास, कारण लेकीला शाळेत सोडून तू नुकतीच वर आली होतीस. पहिला घाव खांद्यावर, दुसरा जबड्यावर. तुझे पाच दात फरशीवर पडलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, एक खाटेखाली गेला होता. तू कोसळलीस आणि कोसळता कोसळता त्याच्या डाव्या हाताला चावलीस. उरलेल्या दातांनी, मोडलेल्या जबड्याने. अंगठ्याशेजारचं मांस तू धरलंस आणि सोडलं नाहीस. सोडवायला तो तुझ्या पाठीवर पाना मारत राहिला. चार बरगड्या गेल्या. तू सोडलं नाहीस.

काकूंना खाली आवाज आला तो लिफ्टचं काम चालल्यासारखा. मग त्यांच्या लक्षात आलं की आवाज लिफ्टकडून येत नाही. बाई ओरडत नाहीये म्हणजे काही नसेल, असं त्यांना क्षणभर वाटलं. तू ओरडणार कशी, तुझ्या तोंडात त्याचा हात होता. काकू हातातली इस्त्री तशीच घेऊन तीन मजले धावल्या आणि त्यांनी ती त्याच्या मानेवर दाबली, दाबून धरली. पोलिसांना त्यांनी सांगितलं, “कॉलरच करत होते, त्याचीही केली.” तो जिन्यावरून अर्धा मजला गडगडला आणि तिथे लोकांनी त्याला धरून तुडवलं. तोवर दारं उघडली होती, या वेळी ती बंद झाली नाहीत. मी पोचले तेव्हा भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीपर्यंत रक्त होतं आणि खोलीत जळलेल्या कातडीचा वास भरला होता. शिडकावा छतापर्यंत कसा गेला, हे मी अजून मनातून काढू शकलेले नाही.

दवाखान्यात एका पोलीसबाईने मला विचारलं, पत्ता कोणाकोणाला माहीत होता. मी म्हणाले, मला आणि हिला, आणि आई दोनदा येऊन गेलीय. तिने विचारलं, आणि लिहिलेला कुठे आहे? मला त्या कपाळावर सरकवलेल्या चष्म्याची आठवण झाली. काहीतरी सबब सांगून मी कार्यालयात गेले आणि दाखल्यांच्या नोंदी उघडल्या. शुक्रवार, बारा सत्तेचाळीस, कुटुंब दाखला, पत्त्यात बदल, एकूण दोन प्रती. पहिली प्रत तुझ्या वॉलेटमध्ये. दुसरी त्याच्या. त्याला फोनवर सूचना गेली होती की आपल्या कुटुंबाच्या दाखल्यात बदल झाला आहे. बारा छपन्नला त्याने ती स्वीकारली. म्हणजे आपण बिस्किटं खात होतो तेव्हा तो तुझा मजला आणि खोली वाचत होता. त्याला आईने पत्ता दिला नाही, मुंगे. मी दिला. माझ्या सहीने, माझ्या नियमाने, माझ्या बोटाने.

मी तो नियम त्याच संध्याकाळी बंद केला आणि कारणाच्या रकान्यात तांत्रिक दुरुस्ती असं लिहिलं. तोवर चारशे बारा घरांच्या प्रती गेल्या होत्या. त्यात वेगळ्या पत्त्यावर राहायला गेलेल्या बायका मी शोधून काढल्या, नऊ निघाल्या. नऊ जणींना फोन केला, कार्यालयातून बोलतेय, तुमचा पत्ता फुटलाय, आजच्या आज दुसरीकडे जा. आठ जणींनी ऐकलं, त्यातल्या दोघींनी मला शिव्या दिल्या, बरोबरच होतं ते. नववीचा फोन पुरुषाने उचलला आणि म्हणाला, ती आता फोनवर बोलत नाही. मी फोन ठेवला. पोलिसांना सांगायचं तर माझं नाव सांगावं लागलं असतं, म्हणून मी सांगितलं नाही. हे वाक्य लिहायला मला आठ महिने लागले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दवाखान्यात त्याला मानेची पट्टी बदलायला आणलं होतं. दोन शिपाई, हातात बेडी. त्याने माझ्याकडे बघून ताई म्हणून हाक मारली. नर्सच्या गाडीवरचा स्टीलचा ट्रे उचलून मी त्याच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं, म्हणून मी आणखी दोनदा हाणला. शिपायांनी मला धरलं तेही जरा सावकाशच. सगळ्या वॉर्डात माझं कौतुक झालं, काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. तुलाही ते कोणीतरी सांगितलं आणि तू माझा हात दाबलास. मी तो हात काढून घ्यायला हवा होता. त्या ट्रेने मी खरं कोणाला मारत होते ते मला एकटीला माहीत होतं.

त्याच दुपारी तू पहिल्यांदा नीट शुद्धीवर आलीस. जबडा तारांनी बांधलेला, बोलता येत नव्हतं. नर्सने तुला कागद आणि पेन दिलं. तू लिहिलंस, ‘आईने सांगितलं. तिला आत सोडू नका.’ कागद माझ्या हातात दिलास. मुंगे, तो कागद वाचताना मला सगळं माहीत होतं. आईने नाही, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मी कागदाची घडी घातली आणि नर्सला दिली.

आई अकरा दिवस बाहेरच्या बाकावर बसली होती. सकाळी आठला डबा घेऊन यायची, संध्याकाळी सहाला तोच डबा घेऊन जायची. पोलिसांनी तिला विचारलं, मावशीने विचारलं, काकूंनी विचारलं, शेजारणीने तर तिच्या तोंडावर थुंकायचं बाकी ठेवलं. ती प्रत्येकाला नाही म्हणाली आणि कोणी विश्वास ठेवला नाही, कारण पहिल्या वेळी तिनेच सांगितलं होतं. आता तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. तुझ्याकडे दोनदा मी तिला टॅक्सीने आणलं, तेव्हा घरून निघाल्यापासून तिने डोळे मिटून घेतले होते. वर पदर ओढून घेतला. मला म्हणाली, मला रस्ता दाखवू नकोस, मला माहीतच नको, माझं तोंड कच्चं आहे. जिना ती माझा हात धरून आंधळ्यासारखी चढली. तुझ्या दारात आल्यावर मी ‘आलं दार’ म्हणाले तेव्हा तिने डोळे उघडले, आणि तू म्हणालीस, आई, डोळे का असे लाल झालेत. आपल्या आईला तुझ्या इमारतीचा रंगसुद्धा माहीत नव्हता.

आता त्याचा वकील म्हणतोय की सासूनेच त्या सकाळी भेटून तोंडी पत्ता दिला, समेट करायला बोलावलं, हत्यारं तर कामाचीच होती, भांडण अचानक पेटलं. स्वतःचा फोन त्याने वाटेत नाल्यात फेकला होता, त्यामुळे हे खोडून काढायला कोणाकडे काही नाही. हे मान्य झालं तर ठरवून मारायला आला होता हे सिद्ध होणार नाही, आणि तो तुझी लेक दहावीला जायच्या आत बाहेर येईल. आईने साक्षीला यायचं कबूल केलं तेव्हा तू मला रविवारी म्हणालीस, बघितलंस ना, अजून जावईबापूच. मी तेव्हाही गप्प बसले. मला वाटलं होतं, ती उभी राहून नाही म्हणेल आणि सुटेल.

परवा दुपारी मी तिच्याकडे गेले. स्वयंपाकघरातून पुटपुटणं ऐकू आलं. ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून काहीतरी घोकत होती, चुकत होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. मी जवळ गेले तर तो तुझा जुना पत्ता होता. इमारत, मजला, खोली क्रमांक. मागच्या आठवड्यात तिने तो माझ्याकडून कागदावर लिहून घेतला होता, कोर्टात लागेल म्हणून, आणि मी विचार न करता दिला होता. आता पाठ करत होती, कारण आपण हा पत्ता त्याला दिला असं सांगायचं तर तो आपल्याला यायला हवा. मी तिचे खांदे धरून गदगदा हलवले. तेव्हा ती म्हणाली, “सगळ्यांनी मला विचारलं, तू सांगितलंस का. तू एकटीनेच विचारलं नाहीस. अकरा दिवस बाकावर शेजारी बसून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मला तेव्हाच कळलं.” मग तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, “मी तर तिला नकोशी झालेच आहे. तू तरी तिच्याजवळ राहा. दोघी गेलो तर तिला कोण?” त्याची शिक्षा कमी होईल हे मी तिला सांगितलं. तिला ते कळलंच नव्हतं. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली, मला तिचे हात धरून ठेवावे लागले.

म्हणून हे पत्र, मुंगे. आज सकाळी मी साहेबांना लेखी दिलं, नोंदीच्या छापील प्रती पोलिसांना दिल्या, त्या नवव्या बाईचा नंबरही दिला. पोलिसांनी तुझ्या जुन्या इमारतीतली वॉचमनची वही पुन्हा उघडली, शनिवारीही लिफ्ट पाहणी म्हणून त्याच्याच हातची सही निघाली. शुक्रवारी पत्ता, शनिवारी पाहणी, मंगळवारी पाना. उद्या आईच्या आधी मला उभं करायची परवानगी वकीलबाई मागणार आहेत. नोकरी जाईल, ती जाऊ दे. उद्या मी बोलायला लागले की तुला पहिल्यांदा हे परक्या लोकांत ऐकावं लागू नये, एवढ्यासाठी आज लिहिलं. माझं बोलून झालं की तू माझ्याकडे पाठ फिरवशील, ती फिरव, तो तुझा हक्क आहे. पण फिरवलीस की समोर दार दिसेल आणि दाराबाहेर बाक आहे. आई तिथे डबा घेऊन बसलेली असेल. तुझ्यासाठी सगळं मऊ शिजवून आणते ती अजून, कोर्टाच्या दर तारखेला, आणि दर तारखेला परत नेते. तिला आत घे.

तुझीच म्हणायचा हक्क तू उद्या ठरवशील, तोवर तुझी दंडावर वण असलेली,
ताई